संसदेत कायदा कसा होतो : एका पोटकलमाचा माग काढत

२०२४ सालच्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघत नव्हते, नागपुरात पंपासमोरच्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. ट्रकचालकांनी गाड्या थांबवल्या होत्या आणि त्याचं कारण प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत होतं : ‘नवा कायदा लागू. अपघात करून पळालात तर दहा वर्षं कैद आणि सात लाख दंड.’

दहा वर्षांची कैद भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्याच्या, एका पोटकलमाच्या मजकुरात खरोखर होती. सात लाखांचा आकडा मजकुरात कुठेच नव्हता. तिथे फक्त ‘दंडासही पात्र राहील’ एवढंच होतं. आणि ‘लागू’ म्हणाल तर ते झालंच नव्हतं. दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केलं होतं, राष्ट्रपतींची सही होऊन आठवडा उलटला होता, तरी देशातल्या एकाही पोलीस ठाण्यात त्या पोटकलमाखाली गुन्हा नोंदवता आला नसता. पुढे १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हाही हे एक पोटकलम तेवढं बाहेर ठेवलं गेलं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चं हे पोटकलम (२). संसदेत कायदा कसा होतो हे शिकायला याच्यासारखं उदाहरण नाही, कारण जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर ते बदललं, अडलं किंवा वळलं. आपण त्याचा माग काढत जाऊ. तोच रस्ता तुम्हाला कुठल्याही विधेयकासाठी वापरता येईल, मग ते शेतीचं असो, कामगारांचं असो वा सोसायटीच्या मेंटेनन्सवरच्या कराचं.

आधी चार ठिकाणं खुणा करून ठेवा

संसदेचं संकेतस्थळ : विधेयकांचा मूळ मजकूर, समित्यांचे अहवाल, चर्चेची इतिवृत्तं. भारताचं ई-राजपत्र : सही झालेले अधिनियम आणि अधिसूचना. ‘इंडिया कोड’ : आजपर्यंतच्या दुरुस्त्या घालून अद्ययावत केलेले केंद्रीय कायदे. आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था, जी प्रत्येक विधेयकाचा थोडक्यात सारांश देते. सारांश वाचा, पण त्यावर थांबू नका. मूळ विधेयक वाटतं तेवढं भयंकर नसतं.

पायरी १ : हा विषय संसदेचा आहे का?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : संघ सूची, राज्य सूची, समवर्ती सूची. संरक्षण, रेल्वे, चलन हे केंद्राचं. पोलीस, जमीन, सार्वजनिक आरोग्य हे राज्याचं. समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघंही कायदा करू शकतात, मात्र दोन्ही कायदे एकमेकांना छेद देऊ लागले तर अनुच्छेद २५४ प्रमाणे साधारणपणे केंद्राचा टिकतो. तिन्ही याद्यांत न बसणारा विषय अनुच्छेद २४८ मुळे संसदेकडे जातो.

फौजदारी कायदा ही समवर्ती सूचीतली पहिलीच नोंद. म्हणून आपलं पोटकलम संसदेला करता आलं. याच नोंदीमुळे महाराष्ट्राच्या ‘शक्ती’ विधेयकाचं काय झालं तेही समजतं. महिलांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारं ते विधेयक राज्य विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलं. विषय समवर्ती आणि तरतुदी केंद्रीय कायद्यांपेक्षा वेगळ्या, म्हणून राष्ट्रपतींच्या अनुमतीची गरज होती. ती मिळाली नाही आणि ‘शक्ती’ कायदा झालाच नाही. तेव्हाच्या बातम्यांचे मथळे मात्र कायदा झाल्यासारखेच होते.

पायरी २ : विधेयकाच्या आधीचा मसुदा

संबंधित मंत्रालय मसुदा बनवतं, विधी मंत्रालय त्याची भाषा आणि घटनात्मक बाजू तपासतं, मंत्रिमंडळ मान्यता देतं. हे सगळं बंद दाराआड चालतं. तरी एक फट आहे. २०१४ मध्ये केंद्रानं ठरवलेल्या पूर्व-विधान सल्लामसलत धोरणानुसार मंत्रालयानं मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि सूचना मागवायच्या असतात. हे धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे ते पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही, आणि ते बऱ्याचदा पाळलं जात नाही हेही तितकंच खरं.

फौजदारी कायद्यांच्या बाबतीत २०२० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात एक समिती नेमली गेली आणि तिनं प्रश्नावल्या काढून मतं मागवली. म्हणजे विधेयक लोकसभेत येण्याच्या तीन वर्षं आधी दार किलकिलं झालं होतं. त्या वेळी देश टाळेबंदीत होता, हा भाग वेगळा.

सूचना पाठवायची वेळ आली तर एक पथ्य पाळा. ‘हा मसुदा जनविरोधी आहे’ असं पत्र फाइलला लागून पडतं. खंड क्रमांक (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात), त्यातले नेमके शब्द, त्यांमुळे होणारी अडचण आणि तुमचे पर्यायी शब्द असं चार ओळींत लिहिलेलं पत्र मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला निदान वापरता तरी येतं.

पायरी ३ : विधेयक मांडलं जातं, तेव्हा ते शेवटाकडून वाचा

पहिलं वाचन म्हणजे विधेयक पुरःस्थापित करणं. मंत्री परवानगी मागतात, सभागृह ती देतं, विधेयक राजपत्रात छापलं जातं. इथे सहसा चर्चा होत नाही. मंत्री नसलेल्या खासदारालाही विधेयक मांडता येतं. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात आणि त्यासाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. म्हणून एखाद्या खासदारानं धक्कादायक विधेयक मांडल्याची बातमी आली की ते सरकारी आहे की अशासकीय, हे आधी पाहा. निम्मी घालमेल तिथेच संपेल.

आपली गोष्ट ११ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत सुरू होते. भारतीय न्याय संहिता विधेयक, २०२३ चा विधेयक क्रमांक १२१. हा क्रमांक लिहून ठेवायची सवय लावा, त्याचं कारण लवकरच कळेल.

आता विधेयक हातात घ्या आणि शेवटची पानं उघडा. तिथे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं : सरकार हे का करतंय, सरकारच्याच शब्दांत. त्याच भागात वित्तीय ज्ञापन सापडेल, म्हणजे तिजोरीवर किती भार पडणार. आणि एक कागद बहुतेक जण उलटतच नाहीत : प्रत्यायोजित विधिविधानाचं ज्ञापन. कोणत्या गोष्टी सरकार पुढे नियम करून ठरवणार याची ती यादी. माझ्या मते विधेयकातलं सर्वांत प्रामाणिक पान हेच. ही यादी लांबलचक असेल तर संसद सांगाडा मंजूर करतेय आणि मांस नंतर मंत्रालय भरणार, असं समजा. मजकुरात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द किती वेळा आले ते पेन्सिलीनं मोजा, अंदाज येतो.

दुरुस्ती विधेयक असेल तर शेवटी मूळ कायद्यातले उतारे जोडलेले असतात. ‘कलम ५ मध्ये “तीस” ऐवजी “साठ”’ अशा ओळीचा अर्थ त्या उताऱ्याशिवाय लागत नाही.

आपल्या तरतुदीची पार्श्वभूमी अशी. जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्यासाठी कलम ३०४-अ होतं. ते १८७० मध्ये घातलेलं, कमाल शिक्षा दोन वर्षं. ऑगस्टमधल्या विधेयकात हा विषय खंड १०४ मध्ये आला आणि त्याच्या पोटखंड (२) मध्ये घटनास्थळावरून पळणाऱ्याला किंवा पोलिसांना न कळवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आली. शब्द होते कोणत्याही ‘बेदरकार किंवा निष्काळजी कृतीनं’ मृत्यू घडवण्याबद्दल. गाडी हा शब्द तिथे नव्हता. म्हणजे तेवढ्यापुरतं पाहिलं तर बांधकामावरचा मुकादमही त्यात अडकू शकला असता.

पायरी ४ : समिती. खरं काम इथे होतं, झालं तर

संसदेत विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. १९९३ मध्ये सुरुवात झाली तेव्हा त्या १७ होत्या. एखाद्या विधेयकासाठी खास प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समितीही नेमता येते. समितीच्या बैठकी कॅमेऱ्यांसमोर होत नाहीत आणि पक्षादेश (व्हिप) तिथे चालत नाही. सभागृहात एकमेकांवर धावून जाणारे खासदार समितीत शेजारी बसून खंड-खंड वाचतात.

पण विधेयक समितीकडे पाठवणं बंधनकारक नाही. पीआरएसच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. नागरिकाच्या दृष्टीनं हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण समिती हे शेवटचं ठिकाण आहे जिथे तुमचा-माझा कागद औपचारिकपणे पोचू शकतो. समितीला सूचना हव्या असतील तर ती वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळावर जाहिरात देते. मुदत पुष्कळदा पंधरवड्याची असते आणि निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागितलेलं असतं. प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर तसं निवेदनात लिहावं लागतं. बोलवायचं की नाही ते समिती ठरवते. पाठवलेलं निवेदन समितीचा दस्तऐवज होतो. समितीनं प्रसिद्ध करण्याआधी ते स्वतः फेसबुकवर टाकणं नियमात बसत नाही.

न्याय संहितेचं विधेयक गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचा २४६ वा अहवाल तयार झाला. असा अहवाल वाचताना तीन ठिकाणी थांबा : समितीनं कोणता खंड बदलायला सांगितला, मंत्रालयानं तिच्यासमोर काय खुलासा केला, आणि शेवटी जोडलेल्या असहमतीच्या टिपणी. या टिपणींत विरोधकांचं म्हणणं भाषणबाजी वगळून, मुद्देसूद मिळतं. पुढे न्यायालयात जे युक्तिवाद होतात त्यांची बीजं बऱ्याचदा इथेच असतात.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. याच अहवालात व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होईल अशा रूपात परत आणावा अशी शिफारस होती. सरकारनं ती घेतली नाही. दुसऱ्या बऱ्याच घेतल्या. आणि बदल इतके झाले की १२ डिसेंबर २०२३ ला सरकारनं जुनं विधेयक मागे घेऊन नवं मांडलं : विधेयक क्रमांक १७३. नाव तेच, वर्ष तेच. ऑगस्टची प्रत वाचून डिसेंबरमध्ये वाद घालणारे कितीतरी लोक मी पाहिले. क्रमांक लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

नव्या विधेयकात खंड १०४ चा १०६ झाला. पोटखंड (२) आता कोणत्याही कृतीबद्दल न राहता ‘वाहन चालवण्या’पुरता उरला. मुकादम सुटला, ट्रकचालक नेमका मध्ये आला.

पायरी ५ : सभागृहातलं दुसरं वाचन

दुसऱ्या वाचनाचे दोन भाग. आधी विधेयकाच्या तत्त्वावर सर्वसाधारण चर्चा. टीव्हीवर दिसते ती हीच. मग खंडवार विचार. अध्यक्ष एकेक खंड, कधी खंडांचे गठ्ठे, मताला टाकतात आणि खासदारांनी दिलेल्या दुरुस्त्या तिथेच घेतल्या किंवा फेटाळल्या जातात. खंड १, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचं पूर्ण नाव सर्वांत शेवटी मंजूर होतात. कंटाळवाणा भाग आहे, पण कायद्याचे शब्द इथेच पक्के होतात.

१९ आणि २० डिसेंबरला लोकसभेत चर्चा झाली. खंड १०६ (१) मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाचवर नेलेली होती आणि डॉक्टर मंडळी अस्वस्थ होती. सरकारनं स्वतःच दुरुस्ती आणली : नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना असा मृत्यू घडला तर कमाल शिक्षा दोनच वर्षं. एका दुरुस्तीनं एका अख्ख्या व्यवसायाची शिक्षा जुन्या पातळीवर आली. डॉक्टरांची संघटना दिल्लीत वेळेवर पोचली. चालकांची पोचली रस्त्यावर, आणि तेही विधेयक संमत झाल्यावर.

तिसरं वाचन म्हणजे ‘विधेयक संमत करावे’ हा प्रस्ताव. इथे किरकोळ शाब्दिक बदलांपलीकडे काही करता येत नाही.

मतदान बहुतेक वेळा आवाजी होतं : ‘होय’चा गलबला मोठा की ‘नाही’चा, हे पीठासीन अधिकारी ठरवतात. कोणा सदस्यानं मतविभाजन मागितलं तर बटणं दाबून मोजणी होते आणि कोणी काय मत दिलं याची नोंद राहते. आवाजी मतदानात तुमच्या खासदारानं काय केलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकांवर मतविभाजनाची मागणी होऊनही ती आवाजी मतानं संमत झाल्याचं जाहीर केलं गेलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला. न्याय संहिताही दोन्ही सभागृहांत आवाजी मतानंच संमत झाली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहं मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते, त्यामुळे ‘नाही’ म्हणणारे आवाज तसेही थोडे होते.

साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालायला, सदस्यसंख्येचा दहावा हिस्सा हवा : लोकसभेत ५५, राज्यसभेत २५. घटनादुरुस्तीला मात्र अनुच्छेद ३६८ खाली एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश, अशा दोन अटी आहेत. काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते, जशी जीएसटीच्या वेळी लागली. तिथे मोजणीशिवाय भागत नाही. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध ० मतांनी संमत झाली ती अशीच.

पायरी ६ : दुसरं सभागृह

तीच तीन वाचनं दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतात. न्याय संहिता राज्यसभेनं दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, संमत केली.

दोन सभागृहांचं जमलं नाही, किंवा दुसऱ्या सभागृहानं सहा महिन्यांहून अधिक काळ विधेयक तसंच ठेवलं, तर अनुच्छेद १०८ खाली राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर हे तीनदाच घडलं : १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्यासाठी. घटनादुरुस्तीसाठी ही वाट नाही.

धन विधेयकाची, म्हणजे फक्त कर, सरकारी कर्ज किंवा खर्च अशा विषयांवरच्या विधेयकाची, तऱ्हा वेगळी. ते लोकसभेतच येतं. राज्यसभेला फक्त १४ दिवसांत शिफारशी करता येतात आणि लोकसभेनं त्या झुगारल्या तरी चालतं. विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. २०१६ मध्ये आधार विधेयक असं आणलं गेलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं ते उचलून धरलं, न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत दिलं, आणि २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. म्हणून विधेयक हाती आलं की ते धन विधेयक आहे का हे पाहून घ्या. असेल तर राज्यसभेवर आशा ठेवू नका.

अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही. लोकसभा विसर्जित झाली की मात्र तिथलं प्रलंबित विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. महिला आरक्षणाचं आधीचं विधेयक या संकटातून वाचावं म्हणून २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. २०१० मध्ये तिथे संमत होऊन ते लोकसभेकडे आलं, चार वर्षं पडून राहिलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. राज्यसभेतच अडकून राहिलं असतं तर जिवंत राहिलं असतं!

पायरी ७ : राष्ट्रपतींची अनुमती

अनुच्छेद १११. राष्ट्रपती अनुमती देतात, रोखून धरतात किंवा फेरविचारासाठी परत पाठवतात. परत आलेलं विधेयक संसदेनं पुन्हा संमत केलं तर अनुमती द्यावीच लागते. २००६ मध्ये लाभाच्या पदांबाबतच्या विधेयकावर डॉ. कलाम यांच्या बाबतीत तसं घडलं. धन विधेयक परत पाठवता येत नाही, आणि घटनादुरुस्तीला १९७१ पासून अनुमती देणं बंधनकारक आहे. निर्णय कधीपर्यंत घ्यायचा याची मुदत अनुच्छेद १११ मध्ये लिहिलेली नाही. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक असंच ठेवून दिलं आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही.

आपल्या संहितेला २५ डिसेंबर २०२३ ला अनुमती मिळाली आणि ती २०२३ चा अधिनियम क्रमांक ४५ झाली. आता तिच्यात ‘खंड’ नाहीत, ‘कलमं’ आहेत. एक आठवड्यानं संप सुरू झाला.

पायरी ८ : ‘लागू’ कधी? कलम १ उघडा

कुठलाही कायदा हातात आला की शिक्षेचं कलम वाचण्याआधी कलम १ वाचा. न्याय संहितेचं कलम १ (२) सांगतं : केंद्र सरकार राजपत्रातल्या अधिसूचनेनं ठरवेल त्या दिवशी ही संहिता अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिवस ठरवता येतील. कायद्यात असं काहीच म्हटलं नसेल तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे अनुमतीच्या दिवसापासून तो लागू होतो.

संपाच्या दुसऱ्या दिवशी, २ जानेवारीला, केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेला सांगितलं की ही तरतूद अजून लागू झालेली नाही आणि चर्चा केल्याशिवाय ती लागू करणार नाही. टँकर हलले. फेब्रुवारीच्या अधिसूचनेत १ जुलै ही तारीख आली आणि तिथेच लिहिलं होतं : कलम १०६ चं पोटकलम (२) वगळून.

ही वगळण्याची ताकद केवढी आहे पाहा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीतलं कलम ३, प्रतिबंधक स्थानबद्धतेवर (गुन्हा घडण्याआधीच अटकेत ठेवण्यावर) अंकुश आणणारं, आजवर लागू केलेलं नाही. आणि ते लागू करा असा आदेश सरकारला द्यायला सर्वोच्च न्यायालयानं ए. के. रॉय खटल्यात नकार दिला. वेतन संहितेला २०१९ मध्ये अनुमती मिळाली, ती अंमलात आली नोव्हेंबर २०२५ मध्ये. संसदेनं केलेलं काम सरकार असं वर्षानुवर्षं फळीवर ठेवू शकतं, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत कमी चर्चिलेलं वास्तव वाटतं.

राजपत्रात शोधताना एवढं लक्षात असू द्या : असाधारण राजपत्राच्या भाग २ मध्ये विभाग १ ला अधिनियम, विभाग २ ला विधेयकं आणि विभाग ३ ला नियम व अधिसूचना. एखादं कलम लागू झालं का ते विभाग ३ मध्ये सापडेल. मंत्रालयाचं नाव आणि तारखांचा अंदाज घालून शोधायचं. ‘इंडिया कोड’वर कलमाखालच्या टिपेतही तारीख दिसते.

पायरी ९ : नियम

कायदा लागू झाला तरी फॉर्म कोणता, शुल्क किती, अर्ज कुठे, हे नियमांत असतं. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला. नियम आले मार्च २०२४ मध्ये आणि तोवर कोणाला अर्ज करायचा रस्ताच नव्हता. नियमांचा मसुदाही पुष्कळदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, आणि माझा अनुभव असा की तिथे पाठवलेल्या नेमक्या सूचनेला उत्तर मिळण्याची शक्यता विधेयकापेक्षा जास्त. पुढे हे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात आणि खासदार त्यांत बदल सुचवू शकतात. फारसं कोणी सुचवत नाही.

आडवाट : अध्यादेश

संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अनुच्छेद १२३ खाली अध्यादेश काढू शकतात. त्याला कायद्याचंच बळ असतं, तेही त्याच दिवसापासून. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संमत झाला नाही तर संपतो. तीन कृषी कायदे जून २०२० मध्ये अध्यादेश म्हणूनच आले होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांना ही वाट मुळीच पसंत नव्हती आणि त्यांनी तसं नेहरूंना पत्रानं कळवलंही होतं.

मराठीत वाचायचं असेल तर

अनुच्छेद ३४८ प्रमाणे केंद्रीय कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजी. हिंदी अनुवाद सोबत येतो. १९७३ च्या एका कायद्यानुसार, राष्ट्रपतींच्या प्राधिकारानं प्रसिद्ध झालेला मराठीसारख्या भाषेतला अनुवादही त्या भाषेतला प्राधिकृत पाठ मानला जातो. बाजारात मिळणाऱ्या मराठी पुस्तकांतले बहुतेक अनुवाद खासगी असतात. ते समजून घ्यायला ठीक, पण एखाद्या शब्दावर अडलात तर इंग्रजी पाठ उघडा.

आपल्या कलमातच पाहा. पोटकलम (१) मध्ये ‘बेदरकार किंवा निष्काळजी’ कृती आहे. पोटकलम (२) मध्ये वाहन चालवणं ‘बेदरकार आणि निष्काळजी’ असावं लागतं. वरच्या ओळीत ‘ऑर’, खालच्या ओळीत ‘अँड’. दहा वर्षांच्या शिक्षेसाठी दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतील, की ही नुसती मसुदा लिहिणाऱ्याची लकब? घाईत केलेल्या मराठी अनुवादात दोन्हीकडे ‘किंवा’ पडलं तर हा प्रश्न वाचकाला दिसणारही नाही. न्यायालयासमोर तो येईल पोटकलम लागू झाल्यावर, आणि ते लागू झालं का हे भाग २, विभाग ३ मध्ये पाहायचं आहे.